बंदर नसलेला दिवस

जहाजावरच्या केबिन आवरणाऱ्याने मुलीला कॉरिडॉरमध्येच गाठलं. मिशा पिकलेला, भिडस्त माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, आईंना जरा सांगा ना. मी यायच्या आत त्या अंथरुणं आवरून मोकळ्या होतात. सुपरवायझर म्हणतो, चादरीचे हे कोपरे तुझ्या हातचे नाहीत."

आईने आतून ऐकलं. "नसतील तर शिकून घ्या. या आत, दाखवते."

आईचा उभा जन्म वॉर्डात गेला होता. हेडसिस्टर म्हणून निवृत्त झाली, तरी चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. डॉक्टरांनी या अभ्याससहलीला परवानगी दिली ती एकाच अटीवर: आराम. हृदय थकलंय, असं त्यांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. आईला सांगायची गरज नव्हती. ईसीजी तिने त्यांच्याआधी वाचला होता.

आज बंदर नव्हतं. दिवसभर नुसतं पाणी. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: सकाळी व्याख्यान, बाकी वेळ आपला. 'बाकी वेळ आपला' हे वाचल्यापासून आईच्या जिवाला चैन नव्हती.

व्याख्यान माशांवर होतं. पडद्यावर शार्क दाखवत प्राध्यापक म्हणाले, यांच्या काही जातींना थांबून चालत नाही. पोहत राहिलं तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं, श्वास चालतो. आईने मुलीला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? शास्त्र आहे."

"ते माशांचं," मुलगी म्हणाली. पुढच्या रांगेतले एक आजोबा खुदकन हसले.

दुपारी दोघी डेकवर आरामखुर्च्यांवर बसल्या. म्हणजे मुलगी बसली. आईने अनोळखी लोकांचे टॉवेल घड्या घालून ठेवले. रिकामे कप गोळा करून काउंटरवर नेले. बोट लागलेल्या एका गृहस्थांची नाडी पाहिली आणि नजर क्षितिजावर ठेवा म्हणून बजावलं. लोक तिला सिस्टर म्हणू लागले होते, आणि आपली दुखणी घेऊन आधी तिच्याकडेच येत होते. मुलीच्या हातातल्या पुस्तकाचं पान सकाळपासून तेच होतं.

मग कुणाचा तरी चष्मा राहिला म्हणून आई तो द्यायला वरच्या डेकवर निघाली. जिन्याच्या मध्यावर थांबली. कठडा धरला आणि समुद्राकडे तोंड केलं, जणू काही बघायलाच थांबली आहे. खालून मुलीला तिचे ओठ दिसले. निळसर पडले होते.

मुलगी वर गेली, तिच्या हातातून चष्मा काढून घेतला, दंडाला धरून तिला खाली आणलं आणि खुर्चीत बसवलं. आवाज चढला तेव्हा आसपासच्या चार माना वळल्या.

"एक दिवस, आई. एक दिवस कुणाचं काही करू नकोस."

"मग काय करू?"

"काही नाही."

"ते कसं करतात?" आईने विचारलं. खोचकपणे नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

मग ती बसून राहिली. वॉर्डाबाहेर बाकावर नातेवाईक बसतात तशी, हात मांडीवर ठेवून. फक्त चपलेतला अंगठा सारखा हलत होता. सूर्य पाण्याला टेकल्यावर तिने शाळकरी मुलीसारखं विचारलं, "आता उठू?"

निजायच्या आधी मुलीने आणखी एक वचन मागितलं. सकाळी अंथरुणाला हात लावायचा नाही आणि तिला उठवायचंही नाही. 'ऊठ, उजाडलं' हे शब्द घरात आईच्याच मालकीचे होते. नवरा, लेक, वॉर्डातले पेशंट, सगळे त्या दोन शब्दांवर उठलेले. आईला ते ऐकवायची वेळ कधी कुणावर आली नव्हती.

"उजाडल्यावर नुसतं पडून राहू?"

"हो."

"दिलं वचन. एवढी हट्टी कुणावर गेलीस कोण जाणे," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी मुलीला उन्हाने जाग आली. गोल खिडकीतून ते समोरच्या पलंगावर पडलं होतं. अंथरूण आवरलेलं नव्हतं. खांद्यापर्यंत चादर ओढून आई भिंतीकडे वळलेली. मुलीला हसू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं ऐकलं गेलं होतं.

दारावर टकटक झाली तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. केबिनवाल्याने आत डोकावून पाहिलं. त्याच्या मिशा हसल्या. चहाचा ट्रे तिच्या हाती देऊन त्याने दाराच्या मुठीला 'कृपया त्रास देऊ नये'ची पाटी अडकवली आणि चवड्यांवर निघून गेला.

ती कपाचा आवाज होऊ न देता चहा प्यायली. पुस्तकाची बरीच पानं पुढे गेली. मध्येच ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, किनारा दिसू लागला आहे. कॉरिडॉरमध्ये धावपळ उडाली, दारं आपटली. आईने कूस बदलली नाही.

जहाज किंचित वळलं. ऊन पलंगाच्या पायथ्याशी सरकलं. तिथले कोपरे कालचे होते, अजून घट्ट खोवलेले. त्यांच्या थोडं वर, चादरीच्या कडेतून आईचं एक पाऊल बाहेर आलं होतं. मुलगी त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

तिने कप खाली ठेवला. आवाज झाला.

"आई," ती म्हणाली. "ऊठ. उजाडलं."