व्हर्नेलची साथ

“गेल्या वर्षीसारखंच हं, सिस्टर व्हर्नेल,” ब्रदर टेरेन्स ऑर्गनवर वाकून पुटपुटला. “मी ‘कोण उठणार?’ म्हटलं की ऑर्गननं मला खालून अलगद उचलायचं. मग सोडायचंच नाही.”

“आजचा दिवस तुम्ही जन्मात विसरणार नाही, ब्रदर,” व्हर्नेल म्हणाली.

त्याला ते फार आवडलं. तिच्या खांद्यावर थोपटून तो पहिल्या बाकावर जाऊन बसला. चर्चला नवी व्हॅन दिल्यापासून ती जागा त्याचीच होती.

व्हर्नेलच्या पायाशी पिशवी होती. पिशवीत सांधेदुखीच्या पावडरचा एक डबा, पावत्यांचा गठ्ठा आणि टेरेन्सच्या धंद्याबद्दल राज्य सरकारच्या कचेरीतून आलेलं पत्र. टेरेन्स बोलायला उभा राहिला की आपणही उभं राहायचं आणि भर चर्चमध्ये त्याची अब्रू वेशीवर टांगायची, हे तिनं सहा महिन्यांपूर्वी ठरवलं होतं. काय बोलायचं ते भांडी घासताना रोज घोकलं होतं. ‘देवा,’ ती म्हणायची, ‘सूड तुझ्या हातात आहे, कबूल. पण मला निदान पुढच्या बाकावरून बघू दे.’

कारण होतं लर्लीन. तिची धाकटी बहीण. गेल्या वर्षी टेरेन्सच्या हाकेला सगळ्यांत आधी उठली ती लर्लीनच. फोनवर स्वतःचं दुकान मिळणार होतं. प्रवेशाचे पैसे भरायचे, आपल्याखाली तीन माणसं आणायची, दरमहा डबे घ्यायचे. तिनं सून आणली, शेजारीण आणली, गायकवृंदातली मैत्रीण आणली. पुढं कळलं की त्या दुकानात गिऱ्हाईक एकही नाही, सगळे दुकानदारच. मग एका सकाळी दुकान फोनवर उघडेनाच. टेरेन्स म्हणाला, त्या कंपनीतली माणसं वाईट निघाली, आता नवी काढलीय. लर्लीनच्या गॅरेजात चौऱ्याऐंशी डबे उरले. सून नातवंडांना आणेनाशी झाली. लर्लीननं गायकवृंदाचा झगा इस्त्री करून परत दिला आणि पुन्हा चर्चची पायरी चढली नाही.

पास्टरांचं प्रवचन रंगात आलं होतं. आधी ते नुसते बोलत होते. मग बोलण्याला हेल आला, हेलाचा सूर झाला, आणि दर ओळीच्या शेवटी ते श्वास घेत तेवढ्या फटीत व्हर्नेलचा ऑर्गन शिरू लागला. ते एक पायरी चढले की ती दुसरी बांधून ठेवी. “होय, प्रभू!” बाकांवरून उसळलं. पंखे हलवणारे हात थांबले. चर्चचा कारभारी डीकन होझिया रडत होता. चाळीस वर्षं वाजवूनही या घटकेला व्हर्नेलच्या अंगावर काटा यायचाच.

आणि त्या गरम हवेतच पास्टर म्हणाले, “आता ब्रदर टेरेन्सना पाच मिनिटं.”

व्हर्नेलनं पाहिलं, तिसऱ्या बाकावर मदर ओडेसांनी पर्समधून फोन काढला होता. चर्चमधल्या मानाच्या आजी, पांढरा पोशाख, पांढरी हॅट, वय एक्क्याऐंशी. वसंतातल्या वादळात त्यांच्या घराचं छप्पर उडालं होतं. वर अजून निळी ताडपत्रीच होती आणि विम्याचे पैसे कालच बँकेत आले होते. प्रवेशाचे पैसे भरायला एकदा बोट टेकवलं की ते छप्पर गेलं.

व्हर्नेलनं पिशवीकडं हात नेला.

“चर्च!” टेरेन्स गरजला. “मी अंधारात होतो!” त्यानं श्वास घेतला.

आणि व्हर्नेलच्या दुसऱ्या हातानं सूर दिला. तिनं दिला नव्हता. बोटं आपणहून गेली होती. “होय!” कोणीतरी ओरडलं. मदर ओडेसांचं बोट फोनवर आलं.

व्हर्नेल आपल्या बोटांकडं बघत राहिली. गेल्या वर्षी लर्लीन उठली तीही याच सुरांवर. मग तिनं पिशवी सोडली, दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

“पण देवानं मला दार दाखवलं!” टेरेन्सनं श्वास घेतला. काही आलं नाही. छताच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू आली. “मी म्हणतो, दार दाखवलं!” मागं कोणी खोकलं. “साथ द्या की, सिस्टर,” तो हसून म्हणाला. तिनं मांडीवरचे हात हलवले नाहीत. डीकन होझियानं उचललेला हात हळूच खाली घेतला.

“तर… कोण उठणार? प्रत्येकाला स्वतःचं दुकान. तुमच्याखाली तीन माणसं, त्यांच्याखाली आणखी तीन…”

“आणि डबे घेतं कोण रे?” मदर ओडेसांनी विचारलं.

“आत येतात तेच घेतात, मदर.”

“बाहेरचं कोणी?”

“बाहेरच्यांची गरजच नाही!”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

“मग तू पावडर कुठं विकतोस बाबा,” मदर ओडेसा म्हणाल्या, “तू माणसं विकतोस.” फोन पर्समध्ये गेला. पर्सची कडी वाजली ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली. मग आणखी एक वाजली, मग आणखी.

टेरेन्स कॉलरमध्ये बोट घालून घाम पुसत बाजूच्या दारानं निघून गेला. व्हर्नेलनं ते अगदी डोळे भरून पाहिलं. गोड लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तोंडाला चव आली.

सभा सुटल्यावर मदर ओडेसा काठी टेकत ऑर्गनपाशी आल्या.

“पोरी, गेल्या वर्षी बोलला तो हाच ना गं?” त्यांनी विचारलं. “तेव्हा तर देवच बोलतोय असं वाटलं होतं.”