वाहून गेलेल्या पेशी

साखरेचा मारा झाला तरी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आपल्यातल्या बिघडलेल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा बनवणारे भाग, साफ करून हमखास तगतात, असा सरांचा जगावेगळा शोध होता. त्यावरच्या शोधनिबंधावर त्यांच्या विद्यार्थिनीने सहलेखिका म्हणून सही केली, की तिची पीएचडी पक्की. “सर, ज्यांना साफसफाई जमत नाही, त्या पेशी मरून सुट्या होतात. आपण मोजण्याआधी पेशी वाढवलेली बशी धुतो, तेव्हा त्या वाहून जातात.” “अगं, मेलेल्यांची शिरगणती कोण करतं?” सर हसले. तिने धुवणाचं पाणी भरलेली बाटली कपाटातून काढली, त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सरांनी डोळा लावला. मेलेल्या पेशींचा नुसता खच होता. थोर शास्त्रज्ञाला शोभेल अशा गांभीर्याने त्यांनी बाटली बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि पेन पुढे केलं. “आता काही शंका?” “नाही सर,” ती म्हणाली. “बाकीच्या अठरा बाटल्या बाहेरच्या परीक्षकांकडे कालच पोचल्यात.”