पाचवं पान

चारशे घोड्यांच्या ताकदीची टर्बो गाडी घेतली खरी, पण तो ॲक्सिलरेटर दाबायचा मुंगीसुद्धा चिरडणार नाही अशा बेताने. पाय हलका राहिला, पेट्रोल वाचलं, की डॅशबोर्डवर हिरवी पानं उगवायची. पाचवं मात्र कधीच उगवलं नव्हतं. "अरे चिंगूस, घोडे काय दावणीला बांधून ठेवायला घेतलेस?" बाबा चिडवायचे. आज सकाळी बाबा छाती धरून कोसळले. त्यांना मागच्या सीटवर आडवं करून त्याने गाडी काढली. रस्ता मोकळा होता. कानात स्वतःच्याच काळजाची धडधड होती. "गाडी उडवत आणली हो!" तो डॉक्टरांना सांगत होता. "जरा आधी पोचला असतात तर..." डॉक्टरांनी मान खाली घातली. बाबांचा चष्मा घ्यायला त्याने गाडीचं दार उघडलं, तसा डॅशबोर्ड उजळला. पाचवं पान उगवलं होतं. तो आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला.