छावणीतली सात मजली विहीर

“कुठल्याच कोशात एक ओळ नाही, म्हणजे विषय कोरा आहे मॅडम. अजून काय पाहिजे?” गजालानं तिसरा खंड मिटला.

ग्रंथपाल निशा साळवे चष्मा पुसत होत्या. कॉलेजच्या लायब्ररीतून त्या महिनाअखेर निवृत्त होणार होत्या.

“जिची कुठंच खबर नाय, ती विहीर तुझ्या सरांना कशी घावली?”

“जुन्या कागदांत. पीएच.डी. केलीय त्यांनी.”

विहीर छावणीतली, सात मजली, कुणा बेगमेनं बांधलेली. आता बुजलेली, आणि वर लष्कराची हद्द, त्यामुळे आत जाऊन बघायची सोय नाही. पठाडे सरांनी तिच्यावर डॉक्टरेट मिळवली, दोन पुस्तकं लिहिली आणि पुढचं काम गजालाला दिलं. तिचे पीएच.डी.चे आधीचे दोन विषय संशोधन समितीनं नाकारले होते. उद्या अकराला तिसरा. तोही गेला तर नोंदणी रद्द. पण गजाला निर्धास्त होती. खुद्द सरच समितीत असताना भ्यायचं कशाला?

“तरी मुळाशी जावं माणसानं,” निशाताई म्हणाल्या. “सरांच्या पुस्तकामागं संदर्भांची यादी असंल. त्यांनी कुठून घेतलं ते बघ.”

बाई लई चिवट आहे, असं गजालाला वाटलं. पण कामाला ती आळशी नव्हती. यादीत पंचवीस नोंदी होत्या. अठरा सरांच्याच लेखांच्या. सहा जणांनी सरांचाच हवाला दिलेला. एकच निराळी निघाली: कॉलेजचा वार्षिक अंक, १९८६, पान बेचाळीस.

“हा अंक आहे आपल्याकडं?”

निशाताईंनी तो टेबलाच्या खणातून काढून दिला.

गजालानं बेचाळिसावं पान उघडलं. सात मजले होते, बेगम होती, पाणी वर चढवणारे बैलसुद्धा होते. तिला मनापासून आनंद झाला.

“बघा मॅडम, सरांनी शब्द न् शब्द इथूनच घेतलाय. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? फक्त लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही.”

“मागचं पान बघ.”

“गरज आहे का?”

“सरांना पण मी तेव्हाच म्हणलं होतं, मागचं पान बघा. ते म्हणाले, बाई, तुम्ही पुस्तकं द्यायचं काम करा.” निशाताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तू आजच बघ. उद्या बघून काय उपेग?”

गजालानं पान उलटलं. एकेचाळिसाव्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: कथास्पर्धा, द्वितीय पारितोषिक, कु. निशा साळवे.