गुल्लूचं रडणं

रेणूनं सीडी लावली तेव्हा भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"आई, ह्ये तूच गायलीस ना? आज्जानं दिलीया. बघ, कोकराचं चित्र बी हाय."

गुल्लू कोकराचं कार्टून वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर आलं आणि लोक ते विसरूनही गेले. त्यातल्या गाण्यांची कॅसेट मात्र बिदर जिल्ह्यात घरोघर वाजली. भालकीहून उदगीरला जाणाऱ्या बसमध्ये, औरादच्या बाजारात, बारशात, वाढदिवसाला. लोकांना हवं असायचं ते एकच गाणं. कळपातून चुकलेलं गुल्लू आईला हाका मारतं आणि हाका मारता मारता हुंदके देऊन रडतं. ते रडणं भाग्यलक्ष्मीचं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

हैदराबादच्या स्टुडिओत तिला रडायला जमत नव्हतं. रडायला गेली की हसू फुटायचं. अप्पा, म्हणजे तिचे वडील काशाप्पा, चहा प्यायला बाहेर गेले होते. संगीतकार माणिकराव तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "पोरी, भालकीहून फोन आला होता. तुझी आई वारली." मग त्यांनी मागे वळून टेप चालू करायची खूण केली.

सगळं झाल्यावर ते हसले. गंमत केली म्हणाले आणि तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. तेवढ्यात अप्पा आले आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं. त्या दिवसातलं तेवढंच तिला आठवावंसं वाटे.

पुढं तिची आई, अनसाबाई, खरोखरच गेली. घरात बायका जमल्या होत्या. भाग्यलक्ष्मीच्या तोंडून हुंदका फुटला तो अगदी गाण्यातला होता. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. लोक म्हणाले, पोरगी दगडाची हाय.

अलीकडे तर ते रडणं मोबाईलमध्ये आलं होतं. बिदरमध्ये मैलूरच्या रस्त्यावर ती भाजी घेत असली की कुणाच्या तरी खिशात तिचा नऊ वर्षांचा गळा रडायला लागायचा आणि तो माणूस हसत फोन कानाला लावायचा. लग्नात ओळखीचे लोक आग्रह करायचे, "अक्का, जरा रडून दाखवा की."

आता कंपनीनं जुनी गाणी कॉम्प्युटरवर साफ करून सीडी काढली होती. गुल्लूचं नवं कार्टूनही निघणार होतं. माणिकराव म्हातारे झाले होते, पण नव्या गाण्यांना त्यांना त्याच घरातला गळा हवा होता. अप्पांनी रेणूचं नाव देऊन टाकलं होतं. भाग्यलक्ष्मी नको म्हणाली, तर ते म्हणाले, "मी संगट ऱ्हातो की. तुज्या टायमाला न्हवतो का?" आज दुपारी ते गाडी घेऊन येणार होते.

ते गाणं सुरू झालं. बंद करायला ती कणकेच्या हातानंच बाहेरच्या खोलीत आली. पेटी थांबली, तबला थांबला. कॅसेटमध्ये इथं नुसती खरखर असायची. आता खरखर नव्हती. गुल्लूच्या पहिल्या हुंदक्यामागून एका माणसाचा दबका आवाज आला.

"थांबवू नका साहेब. चालू ऱ्हाऊ द्या. आजून रडंल ती."

"आई, ह्यो आज्जा व्हय?" रेणू हसली.

अप्पा चहाला गेलेच नव्हते. भाग्यलक्ष्मी मोरीत धावली. सकाळचं सगळं उलटून पडलं. चूळ भरली तरी तोंडातली कडवट चव जाईना. मग तिनं रेणूला शेजारच्या चंद्रम्माकडं नेऊन सोडलं आणि बजावलं, मी न्यायला आल्याशिवाय कुणासंगटबी जायचं न्हाई.

दुपारी काशाप्पा आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी.

"रेणू कुठाय? गाडी थांबलीया."

"रेणू येणार न्हाई."

"कामून?"

तिनं गाणं लावलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तो आवाज आला तसे अप्पा दचकले.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं. ते पुढे वाकले. कान पार स्पीकरला टेकवला. त्यांचे ओठ थरथरू लागले, डोळ्यांत पाणी आलं. आता हा माणूस माझे पाय धरणार, असं तिला वाटलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

काशाप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"आगं, म्हंजी ह्यात मी बी हाय की!"