बोलायचा तास

"बाटली तीनदा वाचायची. कपाटातून काढताना, औषध भरताना, परत ठेवताना. आणि दुसऱ्याची चूक दिसली तर समोर कोण आहे ते बघायचं नाही. बोलायचं."

हा आवाज बाईंच्या जुन्या मेट्रनचा. मेट्रन जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आवाज काही बाईंच्या कानातून गेला नाही. टेबलावरचा अर्ज वाचताना आजही तोच घुमत होता. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी कॉलेज सोडायचं म्हणत होती. कारण लिहिलं होतं, 'मी या कामाच्या लायकीची नाही.'

मुलगी समोरच उभी होती, मान खाली घालून. इतकी हळू बोलायची की वर्गात तिचं नावच 'कुजबुज' पडलं होतं.

अभ्यासक्रमात 'चिकित्सक विचार' हा नवा विषय आला तेव्हा बाकीच्या शिक्षिकांनी नाकं मुरडली. बाईंनी तो मागून घेतला. पुस्तक मिटून त्या स्वतःच खडूस डॉक्टर व्हायच्या, मुद्दाम चुकीचं औषध सांगायच्या, आणि मुलींनी त्यांना अडवायचं. "काल आलेली पोर तू, मला शिकवणार?" म्हणून बाई अंगावर आल्या की वर्ग हसून लोटपोट. हसता हसता एकेक मुलगी धीट झाली. कुजबुजचा पेपर सगळ्यांत सरस, पण अडवायची वेळ आली की दातखीळ बसायची. शेवटी बाईंनी तिला तसंच पास केलं. गुणी पोर आहे, कामाला लागली की सुटेल जीभ.

सोमवारी बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. हृदय थकलेलंच होतं, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्या दिवसापासून या पोरीने अन्नाला नीट हात लावला नव्हता.

"बस गं," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पहिला मृत्यू सगळ्यांनाच जड जातो. मी आठवडाभर औषधांच्या खोलीत लपून रडले होते. मेट्रनने पकडलं. म्हणाल्या, रड हवं तेवढं, पण डोळे पुसायला वॉर्डाचा कापूस वापरू नकोस."

मुलगी हसली नाही.

"बाई, बाटली चुकीची होती. सकाळच्या इंजेक्शनची. झाकणं सारखीच, नाव वेगळं. मी वाचलं होतं."

"आणि बोलली नाहीस?" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अगं, जिवंत माणूस होता तो! वर्षभर मी घसा फोडला तो कशासाठी? कोण होतं समोर? कुणाला घाबरलीस एवढी?"

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली.

"तुम्ही होतात, बाई."

खिडकीबाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

सोमवारची सकाळ बाईंना आठवली. खाटेभोवती आठ मुली. प्रश्न कसा विचारावा, हे बाई रंगून सांगत होत्या, आणि सांगता सांगता हात आपलं रोजचं काम करत होता. बाटली एकदा वाचली होती की दोनदा? काही केल्या आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की शेवटचं वाक्य फार छान जमलं होतं आणि मुली ते वहीत उतरवून घेत होत्या.

"मला वाटलं, बाई आहेत, बाईंना माहीत असणार," मुलगी म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल. कुणाला सांगितलं नाही मी. मी निघून गेले की कुणाला कळणारही नाही."

बाईंनी अर्जाची घडी घातली आणि तिच्या हातात परत ठेवली.

"आजोबांच्या मुलीला सांगायला हवं, बाई." हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"सांगते. आधी तिला, मग वरिष्ठांना लेखी. आजच. शब्द देते तुला."

"मी येऊ बरोबर?"

"नको, बाळा. तू जेवून घे."

बाईंनी आजोबांच्या केसपेपरवरचा नंबर फिरवला आणि कोण बोलतंय ते सांगितलं.

"अहो बाई, शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला!" पलीकडून आवाज आला. "आत्ताच आई म्हणत होती, एकदा जाऊन बाईंचे आभार मानून ये. बाबांपाशी शेवटपर्यंत तुम्हीच तर होतात. उद्या येऊ का?"

"तू नको येऊस," बाई म्हणाल्या. "मीच येतेय."

त्यांनी फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि त्या जिना उतरू लागल्या.