मस्कतला पोचल्याचा फोन

प्रभाकरचं मस्कतचं विमान सुटल्यावर नीला सहार विमानतळावरून भिवंडीला परतली. भर दुपारी ती निजामपुऱ्यातल्या घरात शिरते न शिरते तोच फोन वाजला.

“पोचलो गं,” नवऱ्याचा आवाज आला.

“अहो, इतक्यात? अडीच तास लागतात ना? आत्ता कुठे दीड तास झालाय!”

“इतक्यात कसलं? किती वर्षं उडत होतो, नीला. खाली नुसतं पाणी. बरोबरची माणसं एकेक करून वारली.”

आवाज आता म्हाताऱ्यासारखा कापत होता.

तिच्या सासूने, माईंनी, रिसीव्हरसाठी हात पुढे केला. “दे गं, मी बोलते त्याच्याशी.”

पलीकडे तो भेदरून म्हणाला,

“हा माईचा आवाज? इतक्या वर्षांनी ती कशी असेल? नीला, तू तरी जिवंत आहेस ना?”